शेजारचा संघ खाली गेला, म्हणून आपण वर गेलो का?

जुन्या जालन्यातून बोलतेय. सगळ्या गटांतल्या ताया, काकू, मावश्या, हातातलं काम हातात राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई आज भलतंच काय घेऊन बसली. विषय आहे फुटबॉल. आपल्याकडे पोरं रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर इंग्लंड-स्पेनचे सामने बघतात आणि आपण ओरडतो, "झोपा आता, सकाळी शाळा आहे." आपला फुटबॉलशी संबंध एवढाच. पण मला आज चेंडू कसा मारायचा ते सांगायचं नाही. मला सांगायचंय ते बाहेर बसून बघणाऱ्यांबद्दल, आणि त्यातून आपल्या बचत गटांबद्दल.

आधी खेळातली एक रीत समजून घेऊ. लीग म्हणजे अशी स्पर्धा, जिच्यात प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. जिंकला की 3 गुण, बरोबरी झाली की 1, हरला की काही नाही. शेवटी गुणांची बेरीज होते. सगळ्यात वरचा तो विजेता. आणि सगळ्यात खाली राहील त्याला पुढच्या वर्षी त्या लीगमध्ये जागा नाही. तो खालच्या गटात जातो आणि खालच्या गटात पहिला आलेला वर येतो. इंग्लंडच्या मोठ्या लीगमध्ये 20 संघ असतात, त्यातले तळाचे 3 दरवर्षी खाली जातात. पोरं याला रेलिगेशन म्हणतात. आपण सरळ 'खाली जाणं' म्हणू.

आता गंमत बघा. स्पर्धा संपत आली की वरच्या जागेपेक्षा खालच्या जागेची चर्चा जास्त रंगते. समजा एका संघाचे 18 गुण आहेत, त्याच्या वरच्याचे 21, आणि दोघांचे दोन-दोन सामने उरलेत. खालच्याने दोन्ही जिंकले तर 24 होतात. पण वरच्याने दोन सामन्यांत मिळून 3 गुण मिळवले तर त्याचेही 24. मग कुणी किती गोल केले, किती खाल्ले किंवा आपसात कोण जिंकलं ते बघायचं, जसा त्या स्पर्धेचा नियम असेल तसं. हा हिशोब मांडायला चहाच्या टपरीवर माणसं तासन् तास बसतात. आणि बऱ्याचदा हा हिशोब त्या संघाची माणसं करत नसतात. त्यांचे विरोधक करत असतात! आपला संघ मध्ये कुठंतरी सुखरूप आहे, पण वैऱ्याचा संघ बुडतो की तरतो, यावर रात्र जागवायची.

हे बघायला परदेशात जायला नको, कोल्हापूरला जा. तिथं पेठापेठांच्या तालमी. तालमी मुळात कुस्तीच्या, पण पुढे त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी त्यांची नावं. छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग होते, तेव्हा सबंध पेठ आपल्या संघामागे उभी राहते. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 साली 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूर सिटी नावाचा मुलींचा संघही राष्ट्रीय महिला लीगमध्ये खेळून आलाय, हेही ध्यानात ठेवा. अशा गावात आपला संघ हरला याचं दुःख असतंच. पण समोरच्या पेठेचा संघ हरला की जो आनंद होतो, तो काही वेगळाच.

आता मला सांगा, आपल्यात एक जुनी म्हण आहे. नवरा मेला तरी चालेल, पण सवत विधवा झाली पाहिजे. ही म्हण कायम बाईच्या माथी मारली गेली. बायका जळकुट्या, बायकांना दुसरीचं बरं बघवत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी म्हणते, एकदा त्या स्टेडियममध्ये जाऊन बघा. हजारो पुरुष बसलेले असतात आणि त्यातले कितीतरी शेजारच्या पेठेचं वाईट चिंतत असतात. तेव्हा हा काही बायकांचा रोग नाही. ज्याला-ज्याला 'आपले' आणि 'त्यांचे' असे दोन ढीग करायची सवय लागते, त्या सगळ्यांचा हा रोग आहे. कुंडलिकेच्या अलीकडे जुना जालना, पलीकडे नवा जालना. आपल्यालाही ते ढीग करता येतातच की.

थोडी चढाओढ वाईट नाही, हेही सांगते. चढाओढ नसेल तर खेळात मीठच नाही. पण हीच गोष्ट ताबा सुटला की कुठं जाते, तेही बघा. 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 जण मेले. सामना बघायला गेलेली माणसं घरी परत आली नाहीत. त्यांच्या आयांना कोण जिंकलं याच्याशी काय देणंघेणं?

आता मुख्य गोष्ट सांगते. ही आपल्याच राज्यातली, मुंबईची आहे.

2007 साली मुंबई एफसी नावाचा संघ निघाला. दुसऱ्याच वर्षी तो आय-लीग या देशाच्या मोठ्या स्पर्धेत पोचला. फार पैसेवाला नव्हता, मोठमोठे परदेशी खेळाडू नव्हते. 2009 पासून त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. हा माणूस दरवर्षी तुटपुंज्या ताकदीवर संघाला तळाच्या जागेपासून वाचवायचा. विरोधक दरवर्षी म्हणायचे, यंदा मुंबई जाणार. आणि मुंबई राहायची. सात वर्षं असं चाललं. 2016 मध्ये खालिद जमील यांना त्या संघातून जावं लागलं.

तिकडं मिझोरामचा आयझॉल एफसी म्हणून संघ होता. डोंगरातलं छोटं शहर, छोटा संघ. 2015-16 च्या मोसमात तो नऊ संघांत आठवा आला. म्हणजे शेवटचा नव्हता. शेवटचा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण पुण्याचा संघ कंपनीच्या जोरावर थेट आत आला होता, आणि अशा संघांना पहिली काही वर्षं खाली न पाठवण्याची सवलत होती. म्हणून शेवटचा राहिला आत आणि त्याच्या वरचा आयझॉल गेला खाली! बघा, नियम कागदावर सगळ्यांना सारखा दिसतो, पण सवलत कुणाच्या खिशात असते ते नीट बघावं लागतं. हे आपल्याला नवीन नाही.

पुढे काय झालं? त्याच वर्षी गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या दोन संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं. त्यांनी प्रशिक्षक म्हणून कुणाला बोलावलं? मुंबईतून गेलेल्या खालिद जमील यांना.

2016-17 चा मोसम. दहा संघ. एप्रिलमध्ये आयझॉलने आपल्या मैदानावर मोहन बागानसारख्या बलाढ्य संघाला एका गोलने हरवलं. 30 एप्रिल 2017 ला शेवटचा सामना शिलाँगला होता. आयझॉल आधी एका गोलने मागे पडला, मग बरोबरी केली. तेवढी पुरली. आयझॉलचे 37 गुण, मोहन बागानचे 36. आदल्या वर्षी खाली ढकललेला संघ देशाचा विजेता झाला! आणि तळाला कोण? मुंबई एफसी. जो दरवर्षी वाचायचा, तो त्याच वर्षी खाली गेला. त्यानंतर हा संघ देशाच्या मोठ्या लीगमध्ये पुन्हा दिसला नाही.

अजून ऐका. त्या वर्षी नववा आलेला पंजाबचा मिनर्व्हा पुढच्याच वर्षी विजेता झाला. आणि ऑगस्ट 2025 मध्ये तेच खालिद जमील भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणून म्हणते, तळाजवळ दिसणाऱ्याकडे बघून कुणी ठामपणे 'हा संपला' म्हणू नये.

आता त्या वेळी पुण्यातल्या एखाद्या चाहत्याला मुंबई खाली गेल्याचा आनंद झाला असेल, असं धरून चालू. तो आनंद किती दिवस टिकला? त्याच वर्षी पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही आय-लीगमधून बाहेर पडला. 2017-18 च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. आयएसएल नावाच्या दुसऱ्या स्पर्धेत मुंबई आणि पुण्याचे संघ होते. पण आय-लीगमधली मुंबई-पुणे झुंज संपली. ज्याला हरवायचं तोही नाही आणि हरवणाराही नाही.

आणि संघ बंद पडतो म्हणजे नुसतं नाव जात नाही. खेळाडूंचा पगार जातो. मैदान राखणारा, कपडे धुणारा, संघाला जेवण पुरवणारी, मैदानाबाहेर वडापाव विकणारा, सगळ्यांची रोजी जाते. गल्लीतल्या ज्या पोराला वाटत होतं, मी मोठा झालो की या संघात खेळीन, त्याचं दारच बंद होतं.

आता येऊ आपल्या घरी.

आपल्या गटांचीही प्रतवारी होते ना? पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लिहिणं. यावर गट चांगला की कच्चा ते ठरतं. त्यावर फिरता निधी, त्यावर बँकेचं कर्ज. म्हणजे आपलीही लीगच आहे. आणि वर्ष संपत आलं की गावात काय चर्चा चालते? "त्या वरच्या गल्लीतल्या गटाचं काही खरं नाही. दोन बैठका झाल्या नाहीत. अध्यक्षा आणि सचिव बोलत नाहीत. यंदा त्यांना कर्ज मिळतंय का बघ." हे बोलताना आवाजात काळजी असते की मजा असते, ते ज्याचं त्याला माहीत.

पण आपली लीग आणि फुटबॉलची लीग यात एक मोठा फरक आहे. तिथं एक खाली जाणार हे ठरलेलंच असतं. कुणीतरी शेवटचं येणारच. आपल्याकडे असा नियम नाही. गावातले सगळेच्या सगळे गट चांगल्या प्रतीचे होऊ शकतात. शेजारचा गट खाली गेल्याने आपली जागा एका बोटानेही वर सरकत नाही. उलट काय होतं? एका गटाचं कर्ज थकलं की बँकेतला साहेब गटाचं नाव नाही, गावाचं नाव लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी आपण फाइल घेऊन गेलो की तो विचारतो, "तुम्ही त्याच गावच्या का?" झालं! आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते हेच.

मग शेजारचा गट डळमळताना दिसला तर काय करायचं? चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली, पाच सूत्रांपैकी कुठलं तुटलंय ते विचारा. पुष्कळदा गट पैशाने मोडत नाही, वहीने मोडतो. लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेली, वही तशीच राहिली, मग संशय आला, मग भांडण. आपल्या गटातली लिहिणारी दोन दिवस त्यांच्याकडे बसली तर सहा महिन्यांचा हिशोब लागतो.

दुसरी, बोलायचं ते ग्रामसंघाच्या बैठकीत, त्यांच्या तोंडावर बोला. पाणवठ्यावर आणि लग्नाच्या मांडवात नको. ग्रामसंघ त्यासाठीच आहे. सीआरपी ताईंना बोलवा.

तिसरी, मदत म्हणजे त्यांचं कर्ज आपल्या अंगावर घेणं नव्हे. आपल्या बायांची बचत ही आपल्याकडे अमानत आहे. भावनेच्या भरात ती दुसरीकडे वळवली तर एकाऐवजी दोन गट बुडतील. द्यायचंच असेल तर ठराव करून, ग्रामसंघामार्फत, लिहून द्या.

चौथी, तपासणीत नियम सगळ्यांना सारखा लागलाय का ते बघा. कुणा मोठ्या घरच्या गटाला सवलत आणि वस्तीवरच्या गटाला काट, असं झालं असेल तर तो गट आपला विरोधक असला तरी आपण बोलायचं. आज आयझॉलची पाळी होती, उद्या आपली असेल.

चढाओढ जरूर करा. कुणाचं लोणचं जास्त खपतं, कुणाच्या शेवया सरस, प्रदर्शनात कुणाचा गल्ला मोठा, यात खुशाल एकमेकींना मागं टाका. मात्र पुढच्या वर्षीही चढाओढ करायची असेल, तर समोरचा गट शिल्लक असला पाहिजे.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावात कुठला गट मागे पडतोय, त्याचं नाव घ्या, आणि त्याच्याकडे कोण जाणार तिचंही नाव त्याच कागदावर लिहा. काय झालं ते आम्हाला केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.

चला, कामाला लागा. नमस्कार.