आधी पाहुणे व्हा

(नांदेड-लातूर परिसरातील ख्रिस्ती लेखक-वाचकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



मघापासून नाताळच्या कार्यक्रमांची यादी ऐकतो आहे. या वस्तीत ब्लँकेटवाटप, त्या गावात फराळवाटप, दवाखान्यात फळवाटप. अध्यक्षानं अशा वेळी कौतुकाचे चार शब्द बोलून खाली बसावं, अशी रीत आहे. मला ती आज पाळता येणार नाही. या वाटपाशी माझं भांडण आहे. आणि या वाटपाकडे संशयानं बघणाऱ्यांशी त्याहून मोठं भांडण आहे. आधी त्यांच्याशी बोलतो.

डिसेंबर लागला की आपल्या पोरांच्या कॅरोल फेऱ्या निघतात. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी, हातात कागदी चांदणी. अलीकडे या पोरांना चौकात अडवून विचारलं जातं, कुणाला बाटवायला निघालात? शेजारच्या घरी करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट गेलं, तर त्या ताटातही काहींना आमिष दिसतं. आणि हे कुठं घडतं? नांदेडात. ज्या गावात १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि जिथं हुजूर साहिबच्या लंगरात रोज येईल त्याला पंगतीत बसवून वाढलं जातं, त्या नांदेडात. डोकं झाकायचं, मांडी घालायची, पुढ्यात येईल ते खायचं. तिथून जेवून बाहेर पडणाऱ्याला आजवर कुणी विचारलं आहे का, शीख व्हायला गेला होतास का? कंधारच्या दर्ग्याच्या उरसाला जाऊन आलेल्या हिंदूच्या घरी कुणी चौकशीला गेलं आहे का? मग ख्रिस्ती घरातल्या करंजीलाच ही झडती कशासाठी?

कायद्याचं म्हणाल, तर कायदा आम्हालाही वाचता येतो. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. आम्हाला तो निकाल मान्य आहे. पण शेजाऱ्याला सणाला जेवायला बोलावणं हे धर्मांतर नाही आणि प्रसारही नाही. त्याला परवानगी लागत नाही. ती मागायलाही कुणी जाऊ नका.

आणखी एक टोमणा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो: पोटासाठी बाटले. त्याचं उत्तर आज या माईकवरून देतो. होय, दुष्काळात मिशननं भाकरी दिली. पंडिता रमाबाईंनी १८९७ आणि १९००च्या दुष्काळात उपाशी मुली केडगावला आणून जगवल्या. त्याची लाज आम्ही का बाळगावी? भाकरी देणाऱ्यानं मान खाली घालायची आणि भरलेली कणगी घेऊन दार लावून बसलेल्यानं जाब विचारायचा, हा कुठला न्याय? राहिला पोटाचा प्रश्न. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा १९५०चा आदेश काढा आणि त्यातला तिसरा परिच्छेद वाचा. आधी त्यात मुख्यतः हिंदूच होते. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधव त्यात आले, ते योग्यच झालं. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली, ती अजून अमलात आलेली नाही. म्हणजे मातंग वस्तीतला माझा भाऊ उघडपणे ख्रिस्ती राहिला, तर अनुसूचित जातीचा दाखला गमावतो, त्याच्या मुलाचं आरक्षण जातं, अत्याचारविरोधी कायद्याचं संरक्षण जातं. पोटासाठी आलेला माणूस एवढं गमावून सत्तर-पंचाहत्तर वर्षं मंडळीत टिकला असता का? टोमणा मारणाऱ्यांनी हे गणित सोडवून दाखवावं.

आणि हा संशय फक्त वस्तीतल्या गरीब ख्रिस्ती माणसावरच घेतला जातो असं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि ते अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमकीचे फोन गेले. पण संत गोरोबाकाकांच्या त्या जिल्ह्यानं त्यांना व्यासपीठावर सन्मानानं बसवलं. आजारी शरीरानं ते आले आणि मराठवाड्यानं त्यांचं ऐकून घेतलं. २०२४च्या जुलैत ते गेले. मराठवाड्यानं त्यांचा केलेला तो पाहुणचार मी विसरणार नाही, आणि धमक्याही विसरणार नाही.

आता घरातलं भांडण.

आपण नाताळला जे करतो त्यातलं किती पाहुणचार आहे? फ्लेक्सवर देणाऱ्यांचे बारा फोटो. खाली ओळीनं उभ्या केलेल्या म्हाताऱ्या. प्रत्येकीच्या हातात ब्लँकेट, आणि फोटोवाला म्हणणार, आजी, जरा वर बघा. ब्लँकेटच्या घडीत एक पत्रिका. मग दोन दिवसांनी तीच पोरं त्याच वस्तीत चंगाई सभेचं आमंत्रण घेऊन जातात. मी विचारतो, त्या आजीला तुमच्या घरी कधी बोलावलं? तिचं नाव तरी ठाऊक आहे? नाव माहीत नसलेल्या माणसाला तुम्ही वस्तू देऊ शकता, पाहुणचार करू शकत नाही.

सुवार्ता सांगू नका असं मी म्हणत नाही. सांगा, मोकळेपणानं सांगा, ज्याला ऐकायचं आहे त्याला सांगा. पण ज्या हातानं अन्न देता त्याच हातानं पत्रिका देऊ नका. भुकेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. त्याच्या या अडचणीवर आपल्या साक्षीची इमारत उभी करणं मला प्रभूचा अपमान वाटतो.

३० सप्टेंबर १९९३ची ती भूकंपाची पहाट लातूरकरांना सांगायला नको. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी. देशभरातून माणसं धावली, त्यांत चर्चची मदतसंस्था 'कासा' होती, कॅरितास इंडिया होती. धर्म न विचारता मदत करायची हा त्यांचा नियम. पत्र्याखाली झोपणाऱ्यानंही छत कुणी दिलं हे विचारून मग आत पाऊल टाकलं नाही. त्या दिवसांत आपण काय करू शकतो हे आपण दाखवलं आहे. मग धड जमिनीवर उभे असताना आपल्याला फोटो का लागतो?

रेव्हरंड टिळकांचं नाव आपण प्रत्येक मेळाव्यात घेतो, त्यांची भजनं गातो. पण त्यांनी शेवटी काय केलं ते सांगायला कचरतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस १९१७ साली मिशनची नोकरी सोडतो आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या कवीनं तो पूल स्वतः पार केल्यावर मोडून टाकला नाही. १९१९ साली ते गेले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती समाजानं गमावलेली ही सर्वांत मोठी संधी होती. आपल्या मिशन कंपाउंडच्या भिंती त्यानंतर उंचच होत गेल्या.

आता मी ज्या मुद्द्यासाठी आलो, तो सांगतो. आपण यजमान व्हायला फार उत्सुक आहोत आणि पाहुणे व्हायला तयार नाही.

शुभवर्तमान उघडून बघा. प्रभूला स्वतःचं घर नव्हतं. तो लेवीकडे जेवला, जक्कयाकडे उतरला, मार्था-मरियेच्या घरी राहिला, परूशाच्या पंगतीलाही बसला. दुसऱ्याच्या घरी जेवतो म्हणूनच त्याच्यावर टीका झाली. आणि आपण? लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावस्या असते. नाताळच्या मागेपुढेच येते. २०१९ साली तर नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला होती. लातूरचे रस्ते ओस पडतात, सरकारी सुट्टी लागते, सगळं शहर रानात. मातीच्या बिंदग्यात आंबील, तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. ज्याला रान नाही त्याला रान असलेला बोलावतो. पाहुणचाराचा एवढा मोठा दिवस माझ्या माहितीत महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. आणि आपल्यातले किती पाळक त्या दिवशी मंडळीला सांगतात, जाऊ नका, रानातल्या कडब्याच्या कोपीत पूजा मांडलेली असते!

पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय, घरी गेल्यावर वाचा. परक्यानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा, खोदून विचारत बसू नका, असा त्याचा सल्ला आहे. मुद्दाम कुणी नैवेद्य म्हणून हातावर ठेवलं तर थांबा, असंही तो लिहितो. पूजेला हात जोडायला कुणी सांगत नाही. पण शेजाऱ्यानं प्रेमानं वाटीत ओतलेली आंबील नाकारायला पौलाचं नाव पुढं करू नका.

इथं बसलेल्या काही वडीलधाऱ्यांच्या मनात दुसरंच कारण आहे, ते मला माहीत आहे. आपल्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे मांगवाड्यातून, महारवाड्यातून आले. त्या अमावास्येला ते बांधावर उभे राहायचे आणि पंगती उठल्यावर उरलेलं त्यांच्या पदरात पडायचं. म्हणून काही जण म्हणतात, त्या रानात पुन्हा पाय ठेवणार नाही. या रागापुढं माझं डोकं नमतं. तरीही सांगतो, जा. कोपीत मांडीला मांडी लावून बसवलं तर पोटभर जेवा. बांधावर वाढलं तर ताट तिथंच ठेवून उठा आणि का उठलो हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.

आणि ख्रिस्ती नसूनही आज आमच्यात येऊन बसलेल्या शेजाऱ्यांनो, तुम्ही आला आहात म्हणून तोंडावर बोलतो. आम्ही दिलेला बेकरीचा केक तुम्ही खाता. घरी केलेली करंजी मात्र कित्येक घरांत कामवालीला दिली जाते. आमच्या बायकांना हे कळतं. त्या बोलत नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा ताट पाठवतात. त्यांच्या या गप्प बसण्याला तुम्ही मान्यता समजू नका.

आपण या मातीत स्वतः पाहुणे म्हणून रुजलो, हे आपल्या लोकांनीही विसरू नये. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ मातंगांसाठी बेथेल हे गाव वसवलं, ते निजाम सरकारकडून दिवाण सालारजंगांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेला एक माणूस, मातंग कुटुंबं, आणि जमीन देणारा मुसलमान दिवाण. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजाचं हे एक जुनं पान आहे. जो आज मुसलमान शेजाऱ्याला नाताळला बोलवायला नको म्हणतो, त्यानं हे पान वाचलेलं नाही.

लेखकांनो, तुमच्याशीही थोडं. आपल्या नाताळ स्मरणिका मी दर वर्षी वाचतो. संदेश, शुभेच्छा, जाहिराती, पुन्हा संदेश. त्यांत आपलं स्वयंपाकघर कुठं आहे? रात्रभर जागून अनारसे तळणाऱ्या बाया कुठं आहेत? प्रीतिभोजनाच्या पंगतीत कुणाला आधी वाढलं यावरून झालेली भांडणं कुठं आहेत? लक्ष्मीबाई टिळकांना औपचारिक शिक्षण मिळालं नव्हतं. तरी त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आज प्रत्येक मराठी घरात पोचलं, कारण आपलं सोवळं कसं सुटत गेलं, कुणाच्या हातचं खाताना जीव कसा अडखळला, हे त्या बाईनं काहीही न लपवता लिहिलं. उपदेश लिहिणारे त्यांच्या काळातही पुष्कळ होते. मराठवाड्याच्या ख्रिस्ती घराचं असं एक पुस्तक मला वाचायचं आहे. उदगीरच्या, देगलूरच्या, किनवटच्या कुण्या मुलीनं ते लिहावं. तिला छापायला पैसे कमी पडले तर फ्लेक्सचे पैसे तिच्याकडे वळवा.

भाषण इथंच थांबवतो आणि ठराव मांडतो. एक, या नाताळला आपल्या कोणत्याही मंडळीनं मदत घेणाऱ्या माणसाचा फोटो काढू नये, फ्लेक्सवर छापू नये. दोन, अन्न आणि कपड्यांबरोबर कसलीही पत्रिका देऊ नये. तीन, प्रीतिभोजनाला प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानं एक बिगरख्रिस्ती कुटुंब नावानिशी घरी जाऊन बोलवावं, आणि येत्या वेळ अमावस्येचं, ईदेचं, भीमजयंतीचं आमंत्रण आलं तर पाळकांनी स्वतः पुढं होऊन जावं. सचिवांनी हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावं. मतदान हात वर करून होईल. ज्यांचा विरोध आहे त्यांनी आत्ता, याच सभागृहात उभं राहून कारण सांगावं. मी ऐकायला इथंच बसलो आहे.