गोटुलात बसूया, बोलूया
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, नोंदवही सगळं होतं. पण पोरगा दारूत गेला, सून माहेरी बसली, हे तुम्ही मला निघताना दारातच हळूच सांगता. बसून बोलायला जागाच नाही ना!

जागा होती, आपलं गोटूल. तिथं पोरं-पोरी गाणी, नाच, रीतभात शिकायची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं १९८० च्या दशकात गोटूल नव्यानं बांधलं. जंगलातलं सागवान वापरलं म्हणून ते पाडलं गेलं. गावानं पुन्हा उभं केलं! दारूबंदी असो की जंगल, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ते गाव बोलत बसतं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मोहगावच्या ग्रामसभेनं तर २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली.

माझी आजी गोंडीत बोलते, मला निम्मंच कळतं. तुमच्या नातवंडांचंही तसंच आहे ना?

म्हणून पुढची बैठक गोटुलात घ्या. नसेल तर मोहाच्या झाडाखाली बसा. हिशोब झाला की एक तास राखा. आधी एका आजीनं गोंडीत गोष्ट सांगायची, नातवंडांनी ऐकायची. मग पोरांना खेळायला पाठवा आणि जिच्या घरी त्रास आहे तिला बोलू द्या. तिथलं बोलणं गावात फिरवायचं नाही. मारहाण होत असेल तर नुसती समजूत काढू नका, १८१ वर फोन लावा.

पहिल्या बैठकीला मला बोलवा. मीही गोंडी शिकायला येते.