विज्ञानाच्या विद्यार्थ्याचें स्ववृत्त

१८१२ सालीं लंडनमधील एका बुकबांधणीच्या दुकानांत मायकेल फॅराडे नांवाचा वीस वर्षांचा तरुण उमेदवारी करीत होता. बाप लोहार, शाळेचें शिक्षण बेताचें. त्या वर्षीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅराडेनें टिपणें घेतलीं, घरीं तीं विस्तारून लिहिलीं, उपकरणांच्या आकृत्या काढल्या, आणि सगळें स्वतःच्या हातानें बांधून डिसेंबरांत पत्राबरोबर डेव्हींकडे पाठवून दिलें. पुढें १८१३ च्या मार्चमध्यें त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेंत त्याची मदतनीस म्हणून नेमणूक झाली. पदवी नव्हती, थोर घराण्याचा वशिला नव्हता. होता तो हातच्या कामाचा पुरावा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें स्ववृत्त कसें लिहावें, या प्रश्नाचें निम्म्याहून अधिक उत्तर त्या बांधीव वहींत आहे.

हल्लीं बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षींच स्ववृत्त लिहिण्याची पाळी येते. सुटींत एखाद्या संशोधनसंस्थेंत काम करावयाचें असो, पीएच.डी.साठीं मार्गदर्शक शोधावयाचा असो, किंवा औषधांच्या कारखान्यांत नोकरी धरावयाची असो, आधीं हा कागद जातो आणि मागून माणूस. घरोघर त्याला बायोडाटा म्हणतात, आणि पहिली फसगत येथेंच होते. कारण याच नांवाचा दुसरा एक कागद लग्न जमवितांना फिरत असतो. मग वडील सुचवितात म्हणून उंची येते, आजी सांगते म्हणून कुळ येतें, आणि चौथींतल्या चित्रकलेच्या बक्षिसालाही जागा मिळते. संशोधकाला यांतील एकाही गोष्टीचा उपयोग नसतो. नांव, पत्ता, दूरध्वनी आणि साध्या नांवाचा ई-मेल एवढें पुरे.

दुसरी फसगत विशेषणांची. 'कष्टाळू', 'जिज्ञासू', 'मिळूनमिसळून काम करणारा' हीं प्रत्येक अर्जांत असतात, म्हणून तीं कोणी वाचीत नाहीं. आपण आळशी आहों असें आजवर कोणत्या उमेदवारानें लिहिलें आहे? विज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली भाषा शिकविलेली असते. ती त्याच्या प्रयोगवहीची. काय केलें, कशानें केलें, किती वेळां केलें आणि काय आढळलें, एवढेंच ती वही विचारते. 'पाणी-तपासणीचा उत्तम अनुभव' या ओळींतून कांहींच कळत नाहीं. 'गांवांतील बारा विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीए अनुमापनानें मोजला. प्रत्येक नमुना तीनदां तपासला. उन्हाळ्यांत तो वाढल्याचें आढळलें' असें लिहिलें, म्हणजे विद्यार्थ्याचा हात, त्याची शिस्त आणि त्याचा निष्कर्ष तिन्ही दिसतात.

स्ववृत्त एक पान असावें, फार तर दोन. शिक्षण लिहितांना अलीकडचें आधीं, जुनें मागून. त्याखालीं प्रकल्प, आणि मग हाताळलेलीं उपकरणें व येत असलेल्या संगणकाच्या भाषा. येथें एक नियम कडक पाळावा: वर्णपटमापक दुरून पाहिला असेल, तर तो चालवितां येतो असें लिहूं नये. मुलाखतीस बसलेला परीक्षक नेमकें त्याच ओळीवर बोट ठेवतो, आणि एक ओळ खोटी ठरली कीं खऱ्या दहा ओळींचीही पत जाते. चौघांनीं मिळून प्रकल्प केला असल्यास आपला वांटा कोणता, तें स्पष्ट लिहावें. शिफारशीसाठीं ज्या शिक्षकांचीं नांवें द्यावयाचीं, त्यांना आधीं विचारावें. एकच कागद दहा ठिकाणीं जसाच्या तसा धाडूं नये. जेथें रासायनिक पृथक्करण चालतें तेथें प्रयोगशाळेंतलें काम वर यावें, जेथें संगणकावर आंकडेमोड चालते तेथें तें ज्ञान वर यावें.

सर्वांत अवघड ओळ अपयशाची. एखादें वर्ष वाया गेलेलें असतें, आणि घरांतून सल्ला मिळतो, "तेवढें झांकून टाक." अशा वेळीं श्रीनिवास रामानुजन यांचीं दोन पत्रें आठवावीं. एफ.ए.च्या परीक्षेंत ते नापास झालेले होते. ९ फेब्रुवारी १९१२ रोजीं मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठीं अर्ज करतांना त्यांनीं लिहिलें कीं, मॅट्रिक झालों, एफ.ए.पर्यंत शिकलों, पुढें प्रतिकूल परिस्थितीमुळें शिक्षण थांबलें. आणि लगेच जोडलें कीं, सारा वेळ गणितांत घालवीत आहें. नापास हा शब्द त्यांत नाहीं, पण परीक्षा उतरल्याचा आवही नाहीं. नोकरी मिळाली. १६ जानेवारी १९१३ रोजीं केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना लिहितांना त्यांनीं आरंभींच सांगितलें कीं, आपण वर्षाला वीस पौंडांवर काम करणारे कारकून असून विद्यापीठाचें शिक्षण झालेलें नाहीं. सोबत मात्र शंभरावर प्रमेयें होतीं. १९१४ सालीं ते केंब्रिजला पोहोंचले. त्या पत्रांत एक चूकही राहिली होती: वय सुमारे तेवीस लिहिलें होतें, वस्तुतः तें पंचवीस होतें. प्रमेयांनीं ती चूक पोटांत घातली; इतरांनीं तारखा आणि आंकडे धाडण्यापूर्वीं दुसऱ्याकडून तपासून घ्यावे हें बरें.

अपयशाची ओळ लहान असावी, खरी असावी, आणि तिच्या खालोखाल केलेल्या कामाची ओळ असावी. ज्या विद्यार्थ्यापाशीं ती खालची ओळच नसेल, त्यानें कागद सजविण्यांत संध्याकाळ घालवूं नये. जवळच्या विहिरीचें पाणी बाटलींत भरून आणावें आणि मोजावयास बसावें.