यकृतातील गाठ आणि सोनोग्राफीची नवी दृष्टी



“यकृतात गाठ आढळली” एवढे तीन शब्द सोनोग्राफीच्या अहवालात आले की घराचा धीर सुटतो. गाठ म्हणजे कर्करोगच, असे धरून कोणी पुढचा तपास टाळतो, तर कोणी जडीबुटीत महिने घालवतो. म्हणून आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, गाठ दिसणे निराळे व ती ओळखणे निराळे. आणि ओळखण्याचे एक चांगले साधन आता सोनोग्राफीतही आले आहे.

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या पुस्तकातील ध्वनीचा धडा आठवा. माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. यकृताच्या सोनोग्राफीत साधारण २० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. त्याच्या प्रतिध्वनीपासून पडद्यावर चित्र उमटते. क्ष-किरणांचा येथे संबंध नाही. मात्र या साध्या चित्रावरून गाठीची जागा व आकार समजतो; तिचा स्वभाव दर वेळी समजतोच असे नाही.

स्वभाव कळतो तो रक्तपुरवठ्यावरून. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून मिळते व उरलेले धमनीतून. यकृतात उद्भवणारा नेहमीचा कर्करोग मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढतो. हा फरक टिपण्यासाठी हाताच्या शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे टोचतात. हे बुडबुडे रक्तातील तांबड्या पेशीहूनही लहान असतात. ते रक्तवाहिनीतच राहतात, ध्वनी लागताच थरथरतात व चमकतात. आतील वायू काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडावर त्याचा भार पडत नाही.

डॉक्टर घड्याळ लावून पाहतात. पहिल्या पाऊण मिनिटात गाठ सभोवतालच्या यकृतापेक्षा अधिक उजळली आणि मिनिटानंतर हळूहळू थोडी मंदावली, तर यकृताच्या मूळ कर्करोगाचा संशय बळावतो. दुसऱ्या अवयवातून पसरलेली गाठ बहुधा मिनिटाच्या आतच काळवंडते. उलट कडेकडेने ठिपक्यांसारखी उजळून आतल्या बाजूस भरत जाणारी गाठ बहुधा रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असते. तिला बहुतेक वेळा उपचारही लागत नाहीत. म्हणजे ज्या अहवालाने घर रडत होते, त्याच गाठीचा निकाल असा दिलासा देणाराही असू शकतो.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. रुग्ण फार स्थूल असेल किंवा आतड्यात वायू असेल, तर चित्र नीट येत नाही. उजळण्याच्या त्या थोड्या सेकंदांत संपूर्ण यकृत पाहता येत नाही. म्हणून सी.टी., एम.आर.आय. आणि प्रसंगी गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी यांची गरज संपलेली नाही. इलॅस्टोग्राफी नावाची आणखी एक पद्धत यकृत किती कडक झाले आहे ते मोजते. कडकपणा वाढलेल्या यकृतात कर्करोगाचा धोका अधिक, म्हणून हे मोजमाप मोलाचे आहे.

पालकहो, यंत्र कितीही सुधारले तरी रुग्ण वेळेवर यावयास हवा. लहान गाठ सहसा दुखत नाही. म्हणून यकृत आकसून कडक झाले असेल, म्हणजे सिऱ्होसिस असेल, त्याने बरे वाटत असले तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. ‘ब’ किंवा ‘क’ प्रकारची कावीळ, मद्यपान, मधुमेह व स्थूलपणा असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नवजात बालकास ‘ब’ काविळीची लस जन्मापासून २४ तासांच्या आत टोचून घ्यावी. सरकारी लसीकरणात ती विनामूल्य मिळते. पुढे होणारा कर्करोग टाळण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

आणि मित्रहो, प्रतिध्वनीचा धडा केवळ परीक्षेपुरता पाठ करू नका. घरात असा अहवाल आला, तर तो शांतपणे वाचून वडीलधाऱ्यांना तज्ज्ञाकडे नेणारे तुम्हीच असाल.