आत्मिक वाढ : बाप्तिस्म्यानंतरची वाटचाल

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक अहवालात खाटांची, शस्त्रक्रियांची आणि जमाखर्चाची नोंद होते, व ती व्हावयासच हवी. परंतु वर्षभरात ख्रिस्ती मनुष्याच्या अंतःकरणात काय वाढले, हे कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही. त्याविषयी आज चार शब्द बोलावेत, असे योजिले आहे.

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती जीवनाचा आरंभ होय. पेरणी झाली म्हणजे पीक हाती आले, असे कोणी शेतकरी मानीत नाही. ही गोष्ट पंडिता रमाबाईंच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत विद्येत त्या पारंगत होत्याच. नव्या धर्माचाही त्यांनी कसून अभ्यास केला. १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढून त्यांनी विधवांच्या शिक्षणाचे मोठे कार्य आरंभिले. तरीही १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म लाभला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले, पवित्र शास्त्राचे त्यांनी पुन्हा मनन केले, आणि तारण हे आपल्या कर्तबगारीचे फळ नसून कृपेने मिळणारे दान आहे, हे त्यांच्या अंतःकरणास पटले.

बंधुभगिनींनो, येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. सत्कार्य चालू असताही अंतर्यामी उणीव असू शकते. दिवसभर सेवा करणारे हात थकतात, आणि मूळ झरा आटला तर सेवेचा नुसता रिवाज उरतो. द्राक्षवेलीच्या दृष्टांतात प्रभूने हेच सुचविले आहे. फाट्याने फळासाठी धडपड करावयाची नसते. त्याने वेलीत टिकून राहावयाचे असते.

हे टिकून राहणे कसे साधावे? मार्ग जुनेच आहेत. नित्य शास्त्रवाचन, थोडे का होईना, पण मन लावून. एकांतातील प्रार्थना, जीत मागण्याइतकेच ऐकणेही असते. आणि मंडळीची सहभागिता, कारण एकटा निखारा लवकर विझतो. चौथा मार्ग सेवेचा. इंग्लंडच्या वास्तव्यात लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी रमाबाईंनी पाहिल्या. ही करुणा कोठून येते, या प्रश्नाने त्यांना शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूपर्यंत नेले. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलीबाळींसाठी केडगावास 'मुक्ती' उभी राहिली, आणि तेथील 'कृपासदना'त अशाच स्त्रियांना आसरा मिळाला. सेवेने श्रद्धा जागविली, आणि त्या श्रद्धेतून पुन्हा सेवा उपजली.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळतो. आपल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात तो वारंवार कानी पडतो. "इतकी प्रार्थना केली, मग आमचे माणूस का गेले?" या प्रश्नास तयार उत्तर देणे हा दुःखितांचा अवमान होईल. एवढेच सांगतो, की गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला दूर व्हावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो प्याला दूर झाला नाही. दुःख न होणे हे आत्मिक वाढीचे लक्षण नव्हे. दुःखातही पित्याचा हात न सोडणे, हे तिचे लक्षण होय.

रमाबाईंचे मातापिता दुष्काळात गेले होते. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या आणि कार्यातील उजवा हात, मनोरमा, निवर्तली. त्या वेळी रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले होते, आणि मुक्तीतील स्त्रियाच त्याचे खिळे जुळवीत व छपाई करीत. कन्येच्या वियोगानंतरही त्यांनी ते काम सोडले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. जी मुळे वर्षानुवर्षे गुप्तपणे खोल गेली होती, त्यांनीच वादळात झाड सावरले.

येथे सर्व धर्मांचे रुग्ण येतात. चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूस जात वा धर्म विचारला नाही, आणि आपणही विचारीत नाही. म्हणून ख्रिस्ती सेवकाची वाढ त्याच्या तोंडच्या वचनांवरून मोजली जाऊ नये. रात्रपाळीच्या अखेरच्या तासालाही त्याचा स्वर मृदू राहतो काय, गरीब रुग्णाशी बोलताना तो खाटेजवळ क्षणभर बसतो काय, यावरून ती मोजली जावी.

 आमची अंतःकरणे प्रभूने वाढवावीत, हीच प्रार्थना. प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.