सुई, दोरा आणि वीज

सुई-दोरा हें मुलींचें साधन आणि तार-पकड हें मुलांचें, अशी एक समजूत घरोघर रूढ आहे. शिवणाचा वर्ग आणि विजेची प्रयोगशाळा यांच्यामध्यें जी भिंत दिसते, ती विटांची नसून या समजुतीची आहे. अंगावरील कापडांतच विद्युन्मंडल, म्हणजे विजेचा बंद मार्ग, शिवावयास शिकविणारा जो अभ्यासक्रम अमेरिकेंत सिद्ध झाला, त्यानें या भिंतीला एक दार पाडलें आहे.

त्याचें मुख्य साधन वीजवाहक दोरा. नायलॉनवर चांदीचा मुलामा देऊन किंवा पोलादाचे बारीक तंतू पिळून तो करतात. ही कल्पना आपल्याकडे परकी वाटूं नये. जरींतहि रेशमावर धातूची चपटी तार गुंडाळलेली असते. आणि १९९७ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें रेमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनीं विजेचे प्रयोग केले, ते तांब्याचा वर्ख गुंडाळलेल्या धाग्यांच्या रेशमी कापडावरच. पुढें कोलोरॅडो विद्यापीठांत लीआ बीकली या विदुषीनें शिवतां येईल असें चिमुकलें गणकयंत्र रचलें. ‘लिलिपॅड’ या नांवानें तें २००७ सालीं बाजारांत आलें. तळहातांत मावणाऱ्या त्या चकतीच्या कडेला भोकें असतात. त्यांतून दोरा काढून टाके घातले कीं जोडणी झाली. वितळलेल्या कथलाचें कारण नाहीं.

विद्यार्थी प्रथम कागदावर एक दिवा लावतो, आणि मग मनगटी पट्टीवर तीन दिवे शिवतो. खरा धडा येथें सुरू होतो. बहुतेकांना वाटतें, फुलें माळेंत ओवावीं तसे दिवे एकामागून एक ओवावे. तसें केलें तर एकहि दिवा लागत नाहीं. नाण्याएवढी बॅटरी ३ व्होल्टची, आणि एकेका एल.ई.डी. दिव्याला निदान २ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तिघांना तो पुरणार कोठून? म्हणून धन आणि ऋण अशा दोन ओळी समांतर शिवून, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें प्रत्येक दिवा त्यांच्यामध्यें बसवावा लागतो.

दुसरी अडचण टाक्यांची. साध्या तारेला वेष्टण असतें. हा दोरा उघडा. दोन ओळी एकमेकींना छेदतां कामा नयेत. गाठीचें लोंबतें टोंक शेजारच्या ओळीला लागलें, तर प्रवाह जवळची वाट धरतो आणि सगळे दिवे विझतात. भोकाभोंवतीं टाका सैल राहिला, तर मनगट वळतांच दिवा लुकलुकूं लागतो. अशा वेळीं वर्गांत ज्या मुलीचा धावदोरा घट्ट आणि सरळ, तिच्याकडे विजेचीं सूत्रें पाठ असलेला मुलगाहि आपली पट्टी घेऊन येतो. घरीं आजीपाशीं बसून शिकलेली कला तेथें शास्त्राचें अंग ठरते.

यास्मिन कफाई आणि डेबोरा फील्ड्स यांनीं शिक्षकांसमवेत हा पाठ लॉस एंजेलिसच्या शाळांत नेला. त्यांतील एक युक्ति मोठी मार्मिक आहे: विद्यार्थ्यांनीं जाणूनबुजून सदोष काम करावयाचें आणि तें सोबत्यांस दुरुस्तीला द्यावयाचें. कोठें ध्रुव उलटे, कोठें दोरा तुटका, कोठें यंत्राला दिलेली आज्ञाच चुकीची. दोष योजावयाचा तर तो आधीं समजावा लागतो. आणि एकदां समजला कीं त्याची लाज उरत नाहीं.

याचें फळ काय? बीकली व बेंजामिन माको हिल यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत लिलिपॅडवर केलेल्या कामांपैकीं शेंकडा ६५ स्त्रियांचीं आढळलीं. त्याच जातीच्या ‘आर्ड्विनो’ या साध्या यंत्रावर हें प्रमाण शेंकडा २ होतें. दोन्ही यंत्रांचें अंतरंग जवळजवळ सारखेंच. बदललें तें तिथवर पोंचण्याचें दार.

अर्थात् या वाटेनें घाई चालत नाहीं. चुकलेली ओळ उसवून पुन्हां शिवावी लागते, आणि त्यांत तास जातो. परंतु जो हात उसवतो, तोच चूक नेमकी कोठें झाली हें ओळखतो. चांगल्या शिवणाचा हा जुना नियम विजेलाहि लागू पडावा, यांत नवल तें काय!