काचबिंदूचे थेंब घालताना



आमच्या अब्बांना जुना दमा. काचबिंदूवर टिमोलॉलचे थेंब मिळाले, तेव्हा दम्याची गोष्ट आम्ही सांगितलीच नाही. डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध, असे मी पदवीधर मास्तरही समजत होतो! तिसऱ्या रात्री श्वास कोंडला, रिक्षाने एम. वाय. रुग्णालय गाठले. थेंब नाकातून रक्तात उतरतो, दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतो, नाडी मंद करतो. औषध बदलून मिळाले.

दमा, हृदयविकार असल्यास आधी सांगावे. एकच थेंब घालून डोळा मिटावा, नाकाकडील कोपरा दोन मिनिटे दाबावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी. धाप लागल्यास तत्काळ डॉक्टर. एरवी आपल्या मनाने बंद करू नये, गेलेली दृष्टी परत येत नाही. अब्बांना घड्याळ दिसत नाही, मिनिटे मी मोजतो.